टोकाचे रेडिएटर कोमट राहतात: पंप बदलण्याआधी पाणी कुठे अडतंय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुमजली घर, गॅसचा बॉयलर, बंद पद्धतीची हीटिंग सिस्टीम (बॉयलरने तापवलेलं तेच पाणी पंपाने रेडिएटरमधून फिरतं आणि परत येतं), एकूण दहा रेडिएटर. बॉयलरजवळचे तीन-चार रेडिएटर हात लावू देत नाहीत, टोकाचे दोन मात्र कोमटच राहतात आणि खालच्या अंगाला तर गारच असतात. बॉयलर पेटतो, दोन-तीन मिनिटांत विझतो, थोड्या वेळाने पुन्हा पेटतो. रेडिएटरमधली हवा काढली की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. प्रेशर दर पंधरवड्याला भरावं लागतं. मेकॅनिक म्हणतो, पंप कमी पडतोय, मोठा बसवा. बसवावा का?

आत्ता बसवू नका.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकलं ते टोकाचे रेडिएटर नव्हे, तर दर पंधरवड्याला प्रेशर भरावं लागणं. बंद सिस्टीममध्ये एकदा भरलेलं पाणी वर्षानुवर्षं तेच राहायला हवं. ते कमी होतंय म्हणजे कुठून तरी जातंय, आणि तुम्ही जे ताजं पाणी भरता त्याच्यासोबत दर वेळी नवा ऑक्सिजन आत जातो. रेडिएटर बहुधा पोलादाचे असतात. ऑक्सिजन मिळाला की ते गंजतात, गंजाचा बारीक काळा गाळ पाण्याबरोबर फिरतो आणि जिथे पाण्याचा वेग कमी तिथे बसतो. वेग सगळ्यात कमी कुठे? टोकाच्या रेडिएटरच्या तळाशी. म्हणून ते खालून गार आहेत. गाळामुळे वाट अरुंद झाली की पाणी कमी फिरतं, बॉयलरने तयार केलेली उष्णता पुढे नेली जात नाही आणि तो लवकर विझतो. तुमची चारही लक्षणं अशी एकाच दोरीत ओवली जातात. हा अर्थात अंदाज आहे आणि तो पडताळायला हवा. पण पंप बदलून यातली एकही गोष्ट मुळातून सुटणार नाही, हे मी आत्ताच सांगतो.

मोठ्या पंपाबद्दल आधी बोलून टाकतो, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. पाइपमधून पाणी ढकलताना लागणारा जोर प्रवाहाच्या साधारण वर्गाच्या पटीत वाढतो. प्रवाह दुप्पट हवा असेल तर दाब चौपट लागतो आणि वीज जवळपास आठपट. शिवाय मोठा पंप जास्तीचं पाणी टोकाला नेऊन पोचवत नाही. पाणी सोपी वाट धरतं, त्यामुळे ते जवळच्या रेडिएटरमधूनच जास्त वेगाने परत येतं आणि तिथले व्हॉल्व्ह शिट्टी घालू लागतात. टोकाला फरक पडतो तो नावापुरता.

याच जोडीचा दुसरा गैरसमज म्हणजे 'वरच्या मजल्यावर पाणी चढवायला पंप ताकदवान लागतो'. बंद वळशात जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली उतरतं. चढणाऱ्या पाण्याचं वजन उतरणारं पाणी तोलून धरतं, त्यामुळे घराच्या उंचीशी पंपाचा संबंध उरत नाही. पंपाला फक्त पाइप, वळणं, व्हॉल्व्ह आणि फिल्टर यांचा अडथळा पार करायचा असतो. उंचीचा संबंध आहे तो भरलेल्या प्रेशरशी. दहा मीटर उंचीला साधारण एक बार (बार म्हणजे दाबाचं एकक) लागतो. म्हणजे गेजपासून सगळ्यात वरचा रेडिएटर पाच मीटर उंच असेल तर तिथपर्यंत पोचण्यातच अर्धा बार जातो, आणि वर थोडा शिल्लक राहावा लागतो. म्हणून बहुतेक घरांत पाणी गार असताना गेजवर 1 ते 1.5 बार ठेवतात. काटा अर्ध्या बारपर्यंत आला असेल तर वरच्या रेडिएटरला पाणी न पोचण्यात पंपाचा काहीच दोष नाही.

आता तपासणीकडे येऊ. पान्हे बाहेर काढण्याआधी थर्मामीटर काढा. पाइपला बांधता येणारे दोन साधे थर्मामीटर असले तरी पुरे. इन्फ्रारेड बंदूक वापरणार असाल तर एक काळजी घ्या: चकचकीत तांब्याच्या पाइपवर ती खोटं वाचन देते, खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते. जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि टेपवर मोजा. रंगवलेल्या पाइपवर ही अडचण येत नाही.

बॉयलरमधून बाहेर जाणारा पाइप आणि परतीचा पाइप, या दोन्हींचं तापमान बॉयलर पेटलेला असताना एकाच वेळी घ्या. हा फरक सगळं बोलतो. जुन्या पद्धतीच्या सिस्टीम सुमारे 11 अंशांच्या फरकावर आखलेल्या असत, आताच्या कंडेन्सिंग (धुरातली उष्णताही वापरणाऱ्या) बॉयलरना 20 अंशांच्या आसपास फरक चालतो, किंबहुना परतीचं पाणी थंड असेल तर ते जास्त काटकसरीने चालतात. हिशोब सोपा आहे. 12 किलोवॉट उष्णता 20 अंशांच्या फरकाने वाहून न्यायची तर मिनिटाला साधारण साडेआठ लिटर पाणी फिरायला हवं. तेच पाणी मिनिटाला चार लिटरवर आलं तर तेवढीच उष्णता नेताना फरक 40 अंशांच्या वर जायला हवा. बॉयलर तसं होऊ देत नाही. बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान झपाट्याने वर चढलं की तो आधी ज्योत कमी करतो आणि तेही पुरेना झालं की विझतो. तुमचा बॉयलर दोन-तीन मिनिटांत विझतो तो बहुधा यामुळेच.

फरक 30 अंशांच्या आसपास किंवा वर असेल तर पाणी कमी फिरतंय: गाळ, तुंबलेला फिल्टर, अर्धवट बंद व्हॉल्व्ह, हवा किंवा थकलेला पंप. उलट फरक पाच-सहा अंशच असेल आणि तरी टोकाचे रेडिएटर गार असतील तर पाणी भरपूर फिरतंय, पण आखूड वाटेने परत येतंय. तेव्हा बायपास व्हॉल्व्ह (पाणी रेडिएटरकडे न नेता थेट परत वळवणारा) उघडा राहिलाय का आणि जवळचे रेडिएटर सताड उघडे आहेत का, ते पाहायचं. या दोन परिस्थितींचे उपाय अगदी उलटे आहेत. हा आकडा न घेता जो पंप बदलायला सांगतो, तो अंधारात तीर मारतोय.

मग टोकाच्या रेडिएटरपाशी जा. त्याच्या दोन्ही पाइपांना टेप लावून मोजा. आत येणारा पाइप चांगला गरम आणि बाहेर जाणारा गार असेल तर पाणी येतंय, पण फार थोडं. अडथळा त्या रेडिएटरमध्ये किंवा त्याच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. आत येणारा पाइपच कोमट असेल तर पाणी इतकं रेंगाळत येतंय की वाटेतच निवतंय, म्हणजे अडथळा अलीकडे कुठेतरी आहे. रेडिएटरच्या अंगावरूनही हात फिरवा. वरचा भाग गार असेल तर हवा. तळाचा मधला भाग गार आणि कडा गरम असतील तर गाळ. पूर्ण गार असेल तर व्हॉल्व्ह अडकलाय.

यानंतर जी चाचणी सांगतोय ती मला सगळ्यात मोलाची वाटते आणि तिला एक पैसा लागत नाही. टोकाचे दोन रेडिएटर सोडून बाकी सगळे बंद करा. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचं (खोलीच्या तापमानानुसार आपोआप उघडझाप करणाऱ्या) डोकं शून्यावर किंवा बंद खुणेवर फिरवा, साधा व्हॉल्व्ह असेल तर हाताने बंद करा. दुसऱ्या बाजूच्या लॉकशील्ड व्हॉल्व्हना (टोपीखालचे, रेडिएटरमधून किती पाणी जावं ते ठरवणारे) हात लावू नका, त्यांची मांडणी बिघडेल. टोकाच्या दोघांची थर्मोस्टॅटिक डोकी पूर्ण उघडा आणि हीटिंग चालू करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. बॉयलर या काळात वारंवार विझेल, कारण दोनच रेडिएटर त्याची उष्णता घेताहेत. तिकडे लक्ष देऊ नका.

दोन्ही रेडिएटर नीट तापले तर पंप चांगला आहे आणि पाइप मोकळे आहेत. मग तुमचं दुखणं समतोलाचं आहे, म्हणजे पाणी सगळ्या रेडिएटरना नीट वाटलं जात नाही; लॉकशील्ड व्हॉल्व्ह नीट लावले की काम झालं. एक तापला आणि एक नाही तापला तर दोष त्या एका रेडिएटरचा. दोन्ही तापले पण तळ गारच राहिला तर गाळ. दोन्ही गारच राहिले तर फिल्टर, पंप किंवा त्या दोघांकडे जाणारा सामाईक पाइप. एका संध्याकाळी होणारी ही चाचणी टाळून लोक आठवडेच्या आठवडे अंदाज बांधत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चाचणीत दोन्ही गार राहिले तर पहिला मान फिल्टरचा. परतीच्या पाइपवर बॉयलरजवळ चुंबकीय फिल्टर असेल तर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून, आतलं प्रेशर सोडून तो उघडा. आतल्या चुंबकावर काळ्या लोण्यासारखा थर असतो, बोटाने निपटला की हाताला शाईसारखा लागतो. तेच मॅग्नेटाइट, लोखंडाचं काळं ऑक्साइड. काही बॉयलरमध्ये परतीच्या तोंडाशी बारीक जाळीही असते आणि ती कोणी वर्षानुवर्षं उघडत नाही. जाळी तुंबलेली असेल तर ती साफ करताच अर्ध्या तक्रारी जातात. फिल्टर नसेलच तर तो बसवावा लागणार आहे, त्याबद्दल पुढे.

निघालेल्या पाण्याचा रंग नीट बघा. पांढऱ्या कपात थोडं धरून उजेडात पाहा. काळं पाणी म्हणजे आत जुना गंज फिरतोय. तांबूस, विटकरी पाणी म्हणजे ऑक्सिजन अजूनही आत येतोय. तुमचं पाणी तांबूस निघालं तर वर बांधलेला अंदाज बराचसा पक्का झाला असं समजा.

पंप तपासताना आधी त्याच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत का ते पाहा. जुने गेट व्हॉल्व्ह फसवतात: चाक फिरतं, पण आतली पाती दांड्यापासून सुटून खाली पडलेली असते. पंपावरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना हेही बघा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली की आतला आवाज स्पष्ट ऐकू येतो. एकसारखी घरघर ठीक. खडखड म्हणजे बेअरिंग किंवा हवा. नुसता गुणगुण आवाज आणि अंग चटका लागण्याइतकं गरम असेल तर आतला दांडा अडकलाय. उन्हाळाभर बंद राहिलेल्या पंपाचं हे नेहमीचं दुखणं. जुन्या पंपांना पुढे मध्यभागी एक मोठा स्क्रू असतो. वीज बंद करून, पंप निवल्यावर तो काढला की आत दांड्याची खाच दिसते आणि ती स्क्रू-ड्रायव्हरने दोन्हीकडे हलवून मोकळी करता येते. थोडं पाणी येणारच, म्हणून खालच्या वायरिंगवर फडकं टाका. नव्या पंपांना बहुधा हा स्क्रू नसतो. ते अडकल्यास स्वतःच झटके देऊन सुटायचा प्रयत्न करतात.

नव्या इलेक्ट्रॉनिक पंपात आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते, ती म्हणजे त्याचा मोड. 'प्रपोर्शनल' मोडमध्ये प्रवाह कमी झाला की पंप आपला दाबही कमी करतो. लांबलचक जुन्या पाइपांच्या घरात त्यामुळे टोकाचे रेडिएटर उपाशी राहू शकतात. तो 'स्थिर दाब' मोडवर टाकून एक दिवस पाहा. मोठा पंप घ्यायला निघालेल्या कित्येक घरांचं काम एवढ्या एका बटणाने होतं.

एकच रेडिएटर हट्टी असेल तर त्याच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचं प्लास्टिकचं डोकं काढा. खाली एक बारीक पिन दिसेल. पान्ह्याच्या सपाट बाजूने ती हलकेच दाबा. दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन स्वतःहून वर यायला हवी. वर येत नसेल तर ती अडकली आहे. पिनच्या बाजूला हलके ठोके द्या, दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पक्कडीत धरून ओढू मात्र नका, पिन हातात येईल आणि पाठोपाठ गरम पाण्याची पिचकारी.

आता मूळ दुखणं: पाणी जातंय कुठे?

पहिला संशय एक्स्पान्शन टँकवर. पाणी 20 अंशांवरून 80 अंशांवर गेलं की सुमारे 2.7 टक्के फुगतं. सिस्टीममध्ये शंभर लिटर पाणी धरलं तर जवळपास पावणेतीन लिटर जास्तीची जागा हवी. ती जागा एक्स्पान्शन टँक देतो: आत रबराचा पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. ही हवा गेली किंवा पडदा फाटला की फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. मग गार असताना 1.2 बारवर असलेला काटा तापल्यावर थेट तीनकडे धावतो, सेफ्टी व्हॉल्व्ह 3 बारला उघडतो आणि पाणी बाहेरच्या पाइपने गुपचूप निघून जातं. रात्री सिस्टीम निवली की काटा जवळपास शून्यावर. सकाळी तुम्ही पुन्हा भरता. हे चक्र महिनोन्महिने चालतं आणि घरात पाण्याचा एक थेंब दिसत नाही.

ओळखायचं असं: गार असताना आणि पूर्ण तापल्यावर काटा कुठे असतो ते लिहून ठेवा. अर्ध्या-पाऊण बारने वाढला तर ठीक. दीड बारहून जास्त चढत असेल तर टँक गेलाय किंवा त्यातली हवा गेली आहे. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाहेरच्या पाइपच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी सैल बांधून ठेवा. सकाळी त्यात पाणी आहे का ते कळेल. तोंड बुजवू मात्र कधीही नका, तो व्हॉल्व्ह जीव वाचवण्यासाठी आहे. टँकवर सायकलच्या ट्यूबसारखा हवेचा व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन क्षणभर दाबा. पाणी आलं तर पडदा फाटलाय, टँक बदला. हवाच आली किंवा काहीच आलं नाही तर हवा भरून पाहता येते. पण त्यासाठी सिस्टीम गार असावी आणि पाण्याचं प्रेशर शून्यावर आणलेलं असावं, नाहीतर गेज हवेचं नव्हे तर पाण्याचंच प्रेशर दाखवेल. दुमजली घराला बहुधा 0.75 ते 1 बार हवा लागते. बऱ्याच बॉयलरमध्ये हा टँक आवरणाच्या आत असतो. ज्या गॅस बॉयलरचं आवरण ज्वलनकक्ष सीलबंद ठेवतं, ते परवानाधारक तंत्रज्ञाशिवाय कोणी उघडू नये. इथे धाडस नको, प्रश्न कार्बन मोनॉक्साइडचा आहे.

टँक ठीक असेल तर गळती शोधायची. रात्री सिस्टीम गार झाल्यावर बॉयलरखालचे हीटिंगचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा आणि काटा कुठे आहे ते लिहा. सकाळी काटा उतरलेला असेल तर गळती बॉयलरच्या आत आहे, हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग) किंवा सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये. काटा जागच्या जागी असेल आणि व्हॉल्व्ह उघडताच धाडकन खाली आला तर गळती घरातल्या पाइपांत आहे. मग रेडिएटरच्या सांध्यांवर हिरवट-पांढरे डाग शोधा, आणि दिसले नाहीत तर जमिनीखालच्या पाइपांचा विचार करा. जुन्या प्लास्टिक पाइपांना ऑक्सिजन अडवणारा थर नसेल तर गळती नसतानाही ऑक्सिजन पाइपाच्या भिंतीतून आत झिरपतो, हेही लक्षात असू द्या.

हवा पुन्हा पुन्हा का साचते याचंही उत्तर इथेच आहे. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर बाहेर पडते आणि वरच्या रेडिएटरमध्ये जमते. पण काही वेळा साचतो तो वायू हवा नसून हायड्रोजन असतो. ऑक्सिजन संपल्यानंतरही पोलाद आणि पाण्याची क्रिया हळूहळू चालू राहते, तिच्यात मॅग्नेटाइट आणि हायड्रोजन तयार होतात. म्हणून हवा काढताना जवळ आगकाडी, लायटर किंवा सिगारेट नको. हवा काढताना हीटिंग बंद आणि पाणी निवलेलं असू द्या, खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर जा, चावी अर्धा फेराच फिरवा आणि पाणी आलं की लगेच बंद करा. नंतर प्रेशर पाहा.

गळती थांबल्याशिवाय सफाई करू नका, कारण ताजं पाणी येत राहिलं तर सगळा खटाटोप एका हिवाळ्यात वाया जाईल. गळती थांबली की आधी टोकाचे दोन रेडिएटर काढून धुवा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे. लॉकशील्ड बंद करताना किती फेरे बसले ते मोजून कागदावर लिहायचे, म्हणजे परत तितकेच उघडता येतील. रेडिएटर बाहेर नेताना दोन्ही तोंडं बुजवा. हा काळा गाळ गालिच्यावर पडला तर डाग निघत नाही. बाहेर उलटा करून पाण्याच्या नळीने स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, रबरी हातोडीने अंगावर टकटक करत राहा, बसलेला थर सुटतो.

रेडिएटर काढलेलाच आहे तर आणखी एक तपासणी करून घ्या. भिंतीतून आलेल्या दोन्ही व्हॉल्व्हखाली आळीपाळीने बादली धरून क्षणभर व्हॉल्व्ह उघडा. सिस्टीम गार पण प्रेशरमध्ये हवी, आणि दुसऱ्या माणसाने भरण्याचा नळ सांभाळायचा. दोन्हीकडून जोरदार धार आली पाहिजे. एकीकडून धार आणि दुसरीकडून नुसती ठिबक आली तर कुठली बाजू तुंबली आहे ते डोळ्यांनी दिसतं. आठ-दहा मिलिमीटरच्या बारीक पाइपांच्या घरात हे विशेष आढळतं. एवढ्याशा नळीला गाळाचा खडा पुरतो.

पूर्ण सिस्टीमच काळी असेल तर सफाईचं रसायन घालून, बाटलीवर सांगितलेला काळ ती चालवून, मग सगळं पाणी काढून स्वच्छ पाणी फिरवायचं. यंत्राने केलेलं जोरदार फ्लशिंग जास्त परिणामकारक असतं, पण पाइप आणि रेडिएटर खूप जुने असतील तर गाळानेच बुजलेली छिद्रं त्यात उघडी पडू शकतात, हे आधी माहीत असलेलं बरं. शेवटी गंजरोधक रसायन योग्य प्रमाणात घाला आणि परतीच्या पाइपवर चुंबकीय फिल्टर बसवा. या दोन्हींवर काटकसर करू नका.

मग समतोल. सगळ्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची डोकी काढा म्हणजे ते पूर्ण उघडे राहतील, सगळे लॉकशील्ड उघडा आणि गार सिस्टीम चालू करून रेडिएटर कोणत्या क्रमाने तापतात ते लिहा. जो सगळ्यात आधी तापला त्याचा लॉकशील्ड जवळपास बंद करून पाव ते अर्धा फेरा उघडा. क्रमाने पुढे जाताना थोडा थोडा जास्त उघडत जा. शेवटचा पूर्ण उघडा. नंतर प्रत्येकाच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपमधला फरक मोजून सगळीकडे सारखा होईपर्यंत बारीक फेरफार करा. दर बदलानंतर वीस मिनिटं थांबायला हवं, घाई केली की आकडे खोटे येतात. कंटाळवाणं काम आहे, पण मनापासून केलं तर घर बदलल्यासारखं वाटतं.

लक्षणं तुमच्यापेक्षा वेगळी असतील त्यांच्यासाठी थोडं. वरचे रेडिएटर गरम आणि खालचे गार असतील तर पंप बंद पडलाय. गरम पाणी हलकं असल्याने आपोआप वर चढतंय एवढंच. नळाला गरम पाणी उत्तम येतं पण रेडिएटर गार, किंवा याच्या उलट, असं असेल तर गरम पाणी कुठे वळवायचं ते ठरवणारा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह अडकलाय. माळ्यावर उघडी टाकी असलेल्या जुन्या सिस्टीममध्ये टाकीतून येणारा पाइप जिथे मुख्य पाइपला मिळतो, तो सांधा हमखास तुंबतो. तिथे तांब्याच्या पाइपला लहान चुंबक लावून पाहा. तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत मॅग्नेटाइट भरलंय, तेवढा तुकडा कापून बदला. आणि जुन्या पाइपांवर हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणारं यंत्र) लावलाय त्यांनी हे ध्यानात घ्यावं की तो 5 अंशांच्या आसपासच्या फरकावर चालतो. त्याच 12 किलोवॉटसाठी मिनिटाला सुमारे 34 लिटर पाणी लागतं, म्हणजे चौपट. तिथे पाइपच अपुरे असू शकतात.

एवढं सगळं करूनही तुमच्या पंपाची खडखड थांबत नसेल किंवा तो वारंवार अडकत असेल, तर पंप जरूर बदला. पण त्याच क्षमतेचा घ्या. दहा रेडिएटरच्या बहुतेक घरांना पाच-सहा मीटर हेडचा (हेड म्हणजे पंपाच्या दाबाचं माप, घराची उंची नव्हे) पंप पुरतो. आणि तो सफाईनंतरच बसवा. नव्या पंपांच्या रोटरमध्ये कायमचं चुंबक असतं, पाण्यात मॅग्नेटाइट राहिलेलं असेल तर ते आधी त्यालाच जाऊन चिकटतं.